कापूस वेचणारे मिस्त्री

बेला,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. यशवंत,

जयभीम. तुझा फोन आयकरवाल्यांनी तपासायला नेला, आणि माझ्याही फोनवर या विषयाचं काही बोलू नका असा तुझ्या वकिलांचा निरोप आला, म्हणून हे पत्र. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एवढं लांब काही लिहिलं नव्हतं. शेजारची पूनम रोज सकाळच्या बसने आदिलाबादला कचेरीत जाते, तिच्या पिशवीतून हे तुझ्या हाती पडेल. उत्तरही तिच्याकडेच दे.

शनिवारी पोस्टमनने मला एक जाड लिफाफा आणून दिला आणि सही घेतली. पाठवणारा कोण, तर आयकर खातं! पेन्शन आणि शेतातलं खाण्यापुरतं धान्य सोडलं तर मला कुठून एक रुपया येत नाही हे सगळ्या बेल्याला ठाऊक आहे. आतलं सगळं इंग्रजीत होतं. संध्याकाळी पूनमने ओट्यावर बसून वाचून दाखवलं. त्यात म्हटलंय की २०१९ ते २०२२ अशी तीन वर्षं मी माझी सहा एकर जमीन माझा भाऊ यशवंत, गुत्तेदार, आदिलाबाद, याला मक्त्याने दिली होती. भावाने तिच्यात कापूस पिकवला. मला एकरी बारा हजार मक्ता मिळाला. हे खरं की खोटं ते सांगायला २८ नोव्हेंबरला, शुक्रवारी, आदिलाबादच्या कचेरीत यायचंय.

मग पुढची पानं उलटली आणि खरं सांगते, मला मजा वाटू लागली. त्या शेतात गेली दहा वर्षं मी ज्वारी आणि तूर याशिवाय काही पेरलेलं नाही. कागदावर मात्र दर वर्षी नव्वद क्विंटल कापूस निघालाय. सहा एकरात नव्वद क्विंटल! एवढं पिकलं असतं तर मी फळ्यापुढे उभी राहून घसा कशाला फोडला असता?

दोन कागदांच्या नकला सोबत आहेत. एक मक्त्याचा करारनामा, त्यावर माझी सही. दुसरा कापूस वेचणाऱ्यांचा हजेरीपट, तेवढा मराठीत. त्यातलं पहिलं नाव रामाजी मिस्त्री. हा तोच ना, ज्याने माझी न्हाणी बांधली आणि गुडघ्यामुळे ज्याला पाटावर बसता येत नाही?

काय भानगड आहे ते मला नीट सांग. रागावलेली नाही, पण ऐकायची फार उत्सुकता आहे.

तुझी
ताराअक्का

*

आदिलाबाद,
३० ऑक्टोबर

ती. अक्कास,

जयभीम. तुझं पत्र पूनमने दिलं. रेणुकाने आधी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून आत गेली. तिचं सध्या असंच चाललंय, ताट वाढते आणि आत जाते.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. टेंडरचे फॉर्म सोडले तर मी कागदाला हात लावत नाही. तरी सांगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्हा तेवीस गुत्तेदारांना एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. सगळे माझ्यासारखेच, नाल्या, शाळेची कंपाउंड, अंगणवाड्या बांधणारे. हर्षदीप नावाचा एक सल्लागार बाहेरून आला होता. पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. म्हणाला, शेतीच्या उत्पन्नावर सरकार कर घेत नाही. तुम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं. मग कामावरचा नफा मजुरीच्या खर्चात जिरवा आणि तोच पैसा शेतीतून आला म्हणून दाखवा. यात बेकायदा काही नाही, मोठमोठे लोक करतात. एकाने विचारलं, "साहेब, आमच्याकडं शेत नाई त?" तो हसला आणि म्हणाला, नातेवाइकांचं घ्या मक्त्याने, कागद मी करून देतो. मग बिर्याणी आली. जेवल्यावर तेवीस जणांनी सह्या केल्या.

आता तेवीस जणांना नोटिसा आहेत आणि हर्षदीपचा फोन बंद आहे.

अक्का, माझं एकच काम कर. तुला विचारतील तेव्हा एवढंच म्हण, "हो, भावाला मक्त्याने दिलं होतं." बाकी वकील बघतील. तू बोललीस की कुणी शंका घेणार नाही. बेल्यातली अर्धी कचेरी तुझ्या हाताखाली शिकून गेली आहे. तू नाही म्हणालीस तर तीन वर्षांचा कर, त्यावर दंड, त्यावर व्याज, आणि वर गुत्तेदारीचं रजिस्ट्रेशन जायची भीती. छप्पन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करणार?

रामाजी तोच. त्याचं मग सांगतो.

यशवंत

*

बेला,
३ नोव्हेंबर

चि. यशवंत,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बिर्याणीचं लिहिलंस, सहीचं लिहिलं नाहीस. माझ्या नावाची सही कुणी केली?

मी ती नक्कल पेन्शनीच्या कागदांशेजारी ठेवून भिंगाने पाहिली. तीस वर्षं मुलांची अक्षरं तपासली, कुणाचा गृहपाठ कुणी लिहिलाय ते मला पाटीवरून कळायचं. ही नक्कल नव्हे रे, कला आहे. शेवटी मी पेन जरा दाबून थांबते, तेही त्याला जमलंय. हर्षदीपने एखादा हुशार माणूस पाळलेला दिसतो. त्याला बघायची मला फार इच्छा आहे. पकडून द्यायच्या आधी एकदा विचारीन, बाबा, कुठे शिकलास?

त्याहून मोठी मजा हजेरीपटाची. काल तो घेऊन मी बयनाबाई वेचायला जाते त्या शेताकडे गेले. सध्या वेचणी जोरात आहे, बारा-पंधरा बाया लुगड्याच्या ओट्यात कापूस भरत होत्या. बयनाबाई त्यांची म्होरकी. मी तिला हजेरीपट वाचून दाखवला. मिस्त्री एक, रोज सातशे. बिगारी दहा, रोज साडेचारशे. सगळे पुरुष. शनिवारी अर्धी हजेरी, रविवारी सुट्टी.

बयनाबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. म्हणाली, "कापूस वेचाले मिस्तरी काऊन पायजे वो बाई? थो काय वळंब्यानं बोंड सरळ करून राह्यला होता का?"

सगळ्या बाया कामं टाकून हसत सुटल्या. एक म्हणाली, "अन् रोजानं? आमाले त किलोनं देतेत. रोजानं देनारा मालक कोनता, त्याचं नाव सांगा, उद्याच जातो आमी."

यशवंता, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? आई काय रोजाने वेचायला जायची? संध्याकाळी काट्याशी उभी राहून ती आपलं गाठोडं मोजून घ्यायची, तू तिच्या लुगड्याला धरून असायचास. मग कापूस वेचणाऱ्याला हजेरी कशी लावलीस? हे हर्षदीपला कळणार नाही, तो बाहेरचा. तुला कळायला हवं होतं.

मला वाटतं सरळ सांगावं की सही माझी नाही. हर्षदीपने खोटी केली. तो सापडेल आणि तुमची सगळ्यांची मानही सुटेल. यात मला खोटंही बोलावं लागणार नाही. वकिलांना विचार.

ताराअक्का

*

आदिलाबाद,
७ नोव्हेंबर

ती. अक्कास,

वकिलांना विचारलं. ते खूश झाले. म्हणाले, बाईंनी सही नाकारली तर सगळं हर्षदीपवर जातं. पण अक्का, तू एवढ्यात काही ठरवू नकोस. सहीच्या मागे फार लागू नकोस. अजून तीन आठवडे आहेत.

हजेरीपटाचं वाचून मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी. रेणुका दारात येऊन बघून गेली.

तो पट मीच केला. हर्षदीपने फोन करून सांगितलं की फाइल मजबूत पाहिजे, मजुरांची नोंद पाठवा. साइटवर होतो. समोर हजेरीचं रजिस्टर पडलं होतं, नालीच्या कामाचं. तीस वर्षं हा हात एकच काम करतो, नाव, हजेरी, रोज, अंगठा. मिस्त्रीचं नाव पहिलं, मग बिगारी. तसंच उतरवून काढलं आणि वर "कापूस वेचणी" लिहिलं. आई आठवली नाही. कापूसच आठवला नाही. गुत्तेदाराला माणूस दिसला की त्याचा रोज दिसतो.

तुला वाटेल भाऊ पैशाला चटावला. तेही थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण त्या वर्षाचं सांगतो. अंगणवाडीचं बिल अठरा महिने अडकलं होतं. रोज ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या, मुनशी म्हणायचा, "फंड आलेला नाही." गिट्टीवाला दारात, सिमेंटवाला दारात. सरकारकडून यायचं ते येत नाही आणि सरकारला द्यायचं ते मात्र तारखेला. तशात कुणी म्हणालं की थोडं द्यायला नको, तर कान आपोआप तिकडे जातो. तू असतीस तर नसता गेला, माहीत आहे.

आयकरच्या रंजीता मॅडम म्हणून आहेत, त्या माझी फाइल बघतात. परवा त्यांनी मला एवढंच विचारलं की तुमच्याकडे कापूस किती वेचण्यांत संपतो. मी म्हटलं, कामावर अवलंबून आहे. त्यांनी लिहून घेतलं. वकिलांनी बाहेर आल्यावर कपाळाला हात लावला. मॅडम आसिफाबादकडच्या कापसाच्या गावच्या आहेत म्हणे.

यशवंत

*

बेला,
१० नोव्हेंबर

यशवंता,

सही करणारा सापडला.

तू म्हणालास मागे लागू नकोस, म्हणून मी जास्तच मागे लागले. माझी खोड तुला माहीत आहे. करारनाम्यावर तारीख ९ जून २०१९ आहे. माझी रोजनिशी मी दर वर्षीची जपून ठेवते. ट्रंक उघडून २०१९ ची काढली. तिथे माझ्याच अक्षरात आहे: "रविवार. यशवंत आला. आंबे आणले. जमिनीच्या पासबुकाच्या कागदांवर सह्या केल्या. जेवून गेला."

सगळं आठवलं. मी तांदूळ निवडत होते. तू कागद पुढे केलेस. मी एवढंच विचारलं, "कुठं?" तू बोट ठेवत गेलास आणि मी सूप मांडीवरून न उतरवता त्याच्याच काठावर सह्या करत गेले. सात ठिकाणी. ज्या बाईने तीस वर्षं वर्गात सांगितलं की वाचल्याशिवाय सही करू नका, तुमच्या आज्यांच्या अंगठ्यांनी काय काय गेलं ते विसरू नका, तिने. कागद इंग्रजीत होते आणि मी विचारलंही नाही की पासबुकाचे कागद इंग्रजीत कसे.

आठ दिवस मी त्या हुशार माणसाला शोधत होते. गावभर सांगत फिरले की माझी सही कुणी चोरली. आता तोंड कुठे लपवू?

राग आलाय. पासबुक म्हणालास याचा आलाय. "अक्का, करात लबाडी करायची आहे, सही दे" असं म्हणाला असतास तर मी तुला सुपाने मारलं असतं आणि तिथेच संपलं असतं. आणि मी सही नाकारणार असं लिहिल्यावरही तू गप्प राहिलास, वकिलांची खुशी तेवढी कळवलीस.

तेव्हा आता ऐक. सही माझी नाही असं मी म्हणू शकत नाही, ती माझी आहे. शेत मक्त्याने दिलं होतं असंही म्हणणार नाही, ते दिलं नव्हतं. शुक्रवारी २८ ला जे झालं तेच सांगेन. तुझं नुकसान होईल हे मला कळतं.

एकच विचारायचं आहे. मी सह्या करत होते तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस का?

तारा

*

आदिलाबाद,
२० नोव्हेंबर

ती. अक्कास,

उत्तराला उशीर झाला. हात मोकळा नव्हता.

हो, पाहिलं. तू सह्या करताना मला विचारत होतीस की रस काढू का फोडी करू. मी रस म्हणालो. तुझ्या चष्म्याला तांदळाची धूळ लागली होती. मी कागद गोळा केले आणि मनात म्हटलं, झालं. घास घशाखाली उतरला, अडकला वगैरे काही नाही. तेव्हा काहीच वाटलं नाही. ते आता वाटतं.

वाचवलेल्या पैशाचं मी काही चांगलं काम केलं असं सांगायला आवडलं असतं. तसं नाही. मशीनचे हप्ते भरले, अर्पिताच्या कॉलेजची फी भरली, दोन वर्षं घराला रंग दिला.

तुला जे सांगायचं ते सांग. माझा काही आग्रह नाही. थंडी पडायला लागली आहे, सकाळी फिरायला जाताना कान बांध.

यशवंत

*

बेला,
२६ नोव्हेंबर

चि. यशवंत,

हे पत्र पूनम उद्या आणेल. मी एक गोष्ट करून बसले आहे, ती तुला आधी कळलेली बरी.

तुझा हात का मोकळा नव्हता ते पूनमने शनिवारी सांगितलं. तीन दिवस दवाखान्यात होतास. छातीत दुखलं म्हणून रेणुकाने ॲटोत घालून नेलं. हाताला सलाइन होतं. पूनम भेटायला आली तर तिला म्हणालास, "अक्काले सांगू नको, थे घाबरून जाते." आणि मला पत्रात कान बांध म्हणून लिहितोस! मी सुपाने मारण्याच्या गोष्टी लिहीत होते तेव्हा तू तिथे पडला होतास. चार दिवस मला जेवण गेलं नाही.

आज संविधान दिन. सकाळी शाळेत गेले, दर वर्षी बोलावतात. मुलांकडून उद्देशिका म्हणून घेतली, खणखणीत. दुपारी घरी येते तर ओट्यापुढे सरकारी जीप. रंजीता मॅडम शेताची पाहणी करायला आल्या होत्या. महसूल खात्याचा गिरदावर सोबत, हातात पहाणीचा उतारा, कोणत्या शेतात कोणतं पीक होतं त्या नोंदीचा. माझं वय बघून म्हणाल्या, शुक्रवारी कशाला एवढ्या लांब येता, इथेच जबाब घेते. बाई तिशीतली असेल. मराठी तोडकंमोडकं, त्यात तेलुगू, त्यात हिंदी. बयनाबाईही कुतूहलाने ओट्याच्या कडेला येऊन बसली.

मॅडमनी विचारलं, "भावाला जमीन मक्त्याला दिली होती?"

मी म्हटलं, "हो. दिली होती."

किती सहज निघालं रे! मला वाटलं होतं जीभ अडखळेल. मक्ता किती, विचारलं. बारा हजार एकरी, म्हटलं. रोख दिला? रोख. कापूस होता? होता. त्यांनी गिरदावराच्या उताऱ्याकडे पाहिलं, तिथे ज्वारी-तूर लिहिलेलं. मग हजेरीपट काढला.

"कापूस कोण वेचत होतं?"

"रामाजी," मी म्हटलं. "आणि त्याचे दहा जण."

"रामाजी मिस्त्री? रोजाने?"

"रोजाने."

बयनाबाईने पदर तोंडात कोंबला. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, मी लहानपणी सुट्टीत वेचायला जात होते. किलोला दीड रुपया." आणि सगळं लिहून घेतलं. मी सही केली. या वेळी वाचून केली, खोटं आहे हे नीट कळून केली.

जीप गेल्यावर बयनाबाई म्हणाली, "बाई, तुमी खोटं बोलून राह्यल्या होत्या का? तुमाले येत नाई थे. तोंड लाल झालं होतं."

मला पश्चात्ताप नाही. लाज आहे, पण तू घरी बसून औषध घे, रजिस्ट्रेशनची चिंता करू नकोस. माझ्या शब्दाला तिथे काही किंमत असेल तर ती तुझ्या कामी येऊ दे.

ताराअक्का

*

आदिलाबाद,
२६ नोव्हेंबर

ती. अक्कास,

आज मी एक काम उरकलं, ते तुला शुक्रवारच्या आधी कळावं म्हणून घाईने लिहितो. पूनमला संध्याकाळच्या बसआधी गाठतोच.

सोमवारी रामाजी घरी आला. त्यालाही बोलावणं आलंय, कापूस वेचला का ते सांगायला. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. म्हणाला, "मालक, तुमी म्हनान थे सांगतो. फक्त कापूस कसा वेचतेत थे एकडाव दाखवा. इचारलं तं मले येत नाई. म्या उभ्या जन्मात वेचला नाई." बासष्ट वर्षांचा माणूस. माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं आहे. मला वाचवायला तो कापूस वेचायला शिकणार होता. मी त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली.

तू विचारलं होतंस, पाहिलंस का. ते वाक्य दवाखान्यातही डोक्यातून जात नव्हतं. हो, मी दवाखान्यात होतो, आता सांगायला हरकत नाही. बरा आहे. घाबरू नकोस.

आज सकाळी वकिलांना न सांगता आयकरच्या कचेरीत गेलो. रंजीता मॅडम नव्हत्या, कुठल्यातरी गावी पाहणीला गेल्या होत्या. त्यांच्या वरच्या साहेबांनी जबाब घेतला. सगळं सांगितलं. हॉटेल, बिर्याणी, हर्षदीप, तेवीस जण. शेत कधीच मक्त्याने घेतलं नव्हतं, कापूस नव्हता, पट मी नालीच्या रजिस्टरवरून उतरवला. आणि अक्काची सही पासबुकाचं सांगून फसवून घेतली. हे शेवटचं साहेबांना नको होतं, म्हणाले गरज नाही. मी म्हटलं, लिहा. अक्काला यातलं काही माहीत नव्हतं हे स्पष्ट लिहून घेतलं.

कर भरावा लागेल, दंडही. मिक्सर आणि सेंटरिंगच्या प्लेटा विकायला काढतो. तामसी रोडचा प्लॉटही जाईल बहुतेक. रजिस्ट्रेशनचं काय होईल ते साहेबांना सांगता येत नाही. घरी येऊन रेणुकाला सांगितलं. ती समोर बसली आणि माझ्याबरोबर जेवली.

आता शुक्रवारी तू निर्धास्त ये आणि झालं तेच सांग. माझ्यामुळे तुला कुणापुढे खोटं बोलायची वेळ येऊ नये, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. ते केलं.

तुझा
यशवंत

*

बेला,
१ डिसेंबर

प्रिय यशवंत,

तुझं पत्र पूनमने मला बुधवारी संध्याकाळी दिलं आणि त्याच वेळी मी तिच्याकडे दिलेलं माझं गुरुवारी तुला. तुझं वाचून मी ओट्यावर बसले ती उठलेच नाही. पूनमला वाटलं काही वाईट बातमी आहे. मी म्हटलं, नाही गं, चांगली आहे, फार चांगली आहे, आणि रडायला लागले.

शुक्रवारी मी आले होते. तुझ्याकडे आले नाही. तू तामसीच्या पुलाच्या कामावर गेलास असं पूनमकडून कळलं होतं, पण तो बहाणा. तू असतास तरी त्या दिवशी तुझ्यासमोर उभं राहवलं नसतं.

मॅडमनी टेबलावर दोन जबाब शेजारी शेजारी ठेवले. एकच तारीख, एकाच घरातले दोघं. तुझा लांबलचक, माझा एका पानाचा. त्यांनी चहा सांगितला, मग म्हणाल्या, "बाई, दोन्ही खरे कसे? कोणाचं मानू?"

आपल्या घरात काही फुटलं, हरवलं, कुणाच्या बांधावरचं चिंच-बोर गेलं की बाबा विचारायचे, खरं काय? आणि तू तोंड उघडायच्या आधी माझ्याकडे बघायचे. मी सांगेन ते खरं. तुला पुढे कुणी विचारायचंच नाही. मला त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही, उलट बरं वाटायचं. शाळेतही मी तशीच राहिले. वर्गातला एखादा यशवंत बोलायला लागला की मी हुशार मुलीकडे बघायचे.

मी मॅडमना म्हटलं, "त्याचं माना. माझं खोटं आहे."

माझ्यावर यातून काय होईल ते त्या वर विचारून सांगणार आहेत. खोटा जबाब देणं गुन्हा आहे, हे त्यांनी मला समजावलं, मी ते पस्तीस मुलांना दर वर्षी समजावत होते. दोन दिवसांत स्वतःहून येऊन सांगितलं याची नोंद करू म्हणाल्या. जे होईल ते होईल. मला भीती वाटत नाही असं नाही.

मग नवा जबाब लिहिला. टाइप करणारा मुलगा तेलुगू होता, म्हणून मॅडमनी प्रत्येक ओळ मला त्यांच्या मराठीत वाचून दाखवली. शेवटची ओळ अशी होती: "माझा बुधवारचा जबाब खोटा आहे. माझा भाऊ यशवंत याने दिलेला जबाब खरा आहे."

मी म्हटलं, परत वाचा.

त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा वाचलं. मला पहिल्या वाचनातच समजलं होतं, यशवंता. मला ते फक्त कुणाच्या तरी तोंडून आणखी एकदा ऐकायचं होतं.

तुझी
अक्का